विश्वाच्या खतावणीतील उचंत खाते

ज्या घरांतून दिवाळीला वहीपूजन होते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखण्यापूर्वी जुन्या वहीचा मेळ बसलेला असावा लागतो. रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत उतरतात, खतावणीवरून तेरीज काढली जाते आणि तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे ताळेबंदाकडे वळता येते. कधीकधी मात्र सारी खटपट करूनही फरक उरतो. अशा वेळी उतावळा मुनीम ती रक्कम कोणाच्या तरी नावावर टाकून मोकळा होतो. जाणता मुनीम तसे करीत नाही. तो उचंत खाते उघडतो, फरकाची रक्कम तेथे लिहितो आणि कारण सापडेपर्यंत ते खाते डोळ्यांसमोर ठेवतो. उचंत खाते ही अज्ञानाची कबुली असते. परंतु ती आकड्यासह दिलेली कबुली असते, आणि म्हणूनच ती प्रामाणिक असते.

आधुनिक विश्वशास्त्राच्या खतावणीत गेल्या पाव शतकाहून अधिक काळ असेच एक खाते उघडे आहे. त्यातील रक्कम किरकोळ नाही. आजच्या मोजणीनुसार विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेपैकी तारे, ग्रह, वायू, आपली शरीरे आणि दुकानातील सारा माल ज्या सामान्य पदार्थाचा बनला आहे, त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के भरतो. सुमारे २७ टक्के वाटा गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या, पण प्रकाश न देणाऱ्या कृष्णद्रव्याचा आहे. उरलेले सुमारे ६८ टक्के ज्या नावाखाली लिहिले जातात, ते नाव म्हणजे कृष्ण ऊर्जा. 'डार्क एनर्जी' हे तिचे इंग्रजी नाव अमेरिकन विश्वशास्त्रज्ञ मायकेल टर्नर यांनी १९९८ मध्ये दिले. नाव मिळाले म्हणून ओळख पटली, असे मात्र झालेले नाही. खात्याला शीर्षक आहे. धनी अजून सापडलेला नाही.

मापाची कथा

कोणताही हिशेब मापावर उभा असतो. आकाशातील हिशेबाची पहिली अडचण हीच होती, की तेथे अंतराचे माप नव्हते. एखादा तारा मंद दिसतो, तो मुळात मंद आहे म्हणून की दूर आहे म्हणून, हे सांगता येत नव्हते. ही कोंडी हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी फोडली. छायाचित्रांच्या काचा तपासता तपासता त्यांच्या लक्षात आले, की सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते आणि तो काळ जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. हा नियम १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्याच्या स्पंदनावरून त्याचे खरे तेज समजते. खरे तेज आणि दिसणारे तेज यांची तुलना केली, की अंतर निघते. अंतर दुप्पट झाले तर प्रकाश चौथाई होतो, हा त्यामागील सरळ हिशेब.

याच मापाच्या आधारे एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून पाहून देवयानी तारकासमूहातील तेजोमेघ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखविले. दीर्घिकांच्या प्रकाशाचे पृथक्करण त्याआधीच व्हेस्टो स्लायफर यांनी आरंभिले होते. बहुतेक दीर्घिकांच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळत होत्या. या सरकण्याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. १९२७ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबल यांनी अंतर व ताम्रसृती यांची सांगड घातली. निष्कर्ष एकच होता: दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने आपल्यापासून दूर जात आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावणे सोपे आहे. लवचीक कापडावर ठिपके छापलेले असावेत आणि ते कापड चहूबाजूंनी सारखे ताणावे. कोणत्याही एका ठिपक्यावरून पाहिले तरी बाकीचे ठिपके लांब जाताना दिसतील, आणि जो ठिपका दुप्पट अंतरावर आहे तो दुप्पट वेगाने लांब जाईल. कोणताच ठिपका मध्यभागी नसतो. ठिपके कापडावरून धावत नाहीत. कापडच ताणले जाते. विश्वाचा विस्तार हा अशा स्वरूपाचा आहे. तो एखाद्या रिकाम्या दालनात पसरणाऱ्या धुरासारखा नाही. गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेल्या वस्तू या ताणात सामील होत नाहीत. म्हणून सूर्यमाला फैलावत नाही आणि घराच्या भिंतीही सरकत नाहीत.

माप चुकले की हिशेब कसा फसतो, याचा धडाही याच कथेत आहे. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. पृथ्वीवरील खडकांचे वय त्याहून अधिक होते. पुत्र पित्याहून वडील ठरत होता! पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखविले, की दोन निराळ्या प्रकारचे रूपविकारी तारे एकच समजले गेले होते. त्या दुरुस्तीने दीर्घिकांची अंतरे एकदम दुपटीने वाढली. तेव्हापासून दुरुस्त्या होत होत आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

आइन्स्टाइन यांची खोडलेली नोंद

विस्ताराचा शोध लागण्यापूर्वी, १९१७ मध्ये, अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपला व्यापक सापेक्षता सिद्धांत संपूर्ण विश्वाला लावून पाहिला. त्या काळी विश्व स्थिर आहे अशीच सर्वांची समजूत होती. समीकरणे मात्र तसे म्हणू देत नव्हती. गुरुत्वाकर्षणाने सारे द्रव्य एकमेकांकडे ओढले जाऊन विश्व कोसळावयास हवे होते. मेळ बसविण्यासाठी आइन्स्टाइन यांनी समीकरणात एक जादा पद घातले. ग्रीक लॅम्डा अक्षराने दाखविले जाणारे हे पद म्हणजे विश्वस्थिरांक. त्याचे कार्य गुरुत्वाकर्षणाला तोलून धरणाऱ्या प्रतिकर्षणाचे.

१९२२ मध्ये रशियाचे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी त्याच समीकरणांतून विस्तारणाऱ्या विश्वाची उत्तरे काढून दाखविली. पुढे हबल यांची निरीक्षणे आली, आणि १९३१ मध्ये आइन्स्टाइन यांनी लॅम्डाची नोंद खोडून टाकली. विश्व स्थिर नसेल तर तोलाची गरज नाही, हा त्यांचा विचार तर्कशुद्ध होता. खोडलेली नोंद मात्र कागदावरून पुरती पुसली जात नाही. तिचे पुसट अक्षर ६७ वर्षांनी पुन्हा वाचावे लागले.

दूरच्या दिव्यांची पारख

विस्तार होत आहे हे मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न आला: तो मंदावतो आहे किती? वर फेकलेला चेंडू जसा हळू होत जातो, तसा गुरुत्वाकर्षणामुळे विस्ताराचा वेग कमी होत असणार, याविषयी फारशी शंका कोणाला नव्हती. मंदावण्याचे प्रमाण मोजण्यासाठी अतिशय दूरचे दिवे हवे होते. ते दिवे म्हणजे 'पहिला-अ' या वर्गातील अतिनवतारे, ज्यांना सुपरनोव्हा म्हणतात.

या दिव्यांच्या पारखीमागे एका भारतीयाचे गणित आहे. १९३० मध्ये भारताहून इंग्लंडकडे निघालेल्या जहाजावर १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी एक हिशेब मांडला. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा आहे, हे त्यातून निघाले. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. या कामाचा गौरव १९८३ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. श्वेतबटू सोबतच्या ताऱ्याकडून द्रव्य घेत किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी मिसळून स्फोट पावतो, तेव्हा होणारे तेज जवळपास एका ठरावीक पातळीचे असते. जो स्फोट अधिक तेजस्वी असतो तो अधिक सावकाश विझतो. हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये मांडला आणि दिव्यांचा कस लावणे शक्य झाले.

अतिनवताऱ्याच्या दिसणाऱ्या तेजावरून त्याचे अंतर कळते. ताम्रसृतीवरून, तो प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले, हे कळते. एका रकान्यात अंतर आणि दुसऱ्या रकान्यात ताण लिहीत गेले, की विस्ताराचा पूर्वेतिहास वाचता येतो. दोन स्वतंत्र गट हे काम करीत होते. एकाचे नेतृत्व अमेरिकेत बर्कली येथील सॉल पर्लमटर यांच्याकडे होते. दुसऱ्याचे प्रमुख ऑस्ट्रेलियातील ब्रायन श्मिट होते, आणि त्या गटाच्या मुख्य निबंधाचे पहिले लेखक अ‍ॅडम रीस. दोन्ही गटांत चढाओढ होती. एकाची चूक दुसऱ्याने आनंदाने दाखविली असती.

१९९८ मध्ये दोन्ही गटांच्या वह्यांत एकच आश्चर्य निघाले. दूरचे अतिनवतारे अपेक्षेहून मंद होते. रीस यांच्या गटाच्या मोजणीत, विश्वात द्रव्य फार थोडे आहे असे धरूनही, ते सरासरी १० ते १५ टक्के अधिक अंतरावर भरत होते. पर्लमटर यांच्या गटाने ४२ अतिनवतारे तपासून तोच निष्कर्ष काढला. अर्थ स्पष्ट होता: विस्तार मंदावत नाही, त्याचा वेग वाढतो आहे. वर फेकलेला चेंडू हळू होण्याऐवजी अधिकाधिक वेगाने वर निघाला होता. या शोधासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दोन मुनिमांनी निरनिराळ्या पेढ्यांवर बसून तेरीज मांडावी आणि दोघांचाही फरक तोच निघावा, तेव्हा तो बेरजेतील चुकीचा राहत नाही.

सहा-सात मिलिग्रॅमचा भार

हा वेग वाढविणारी ऊर्जा ६८ टक्के आहे असे ऐकले म्हणजे ती सर्वत्र ठासून भरली असावी, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती उलट आहे. एक घनमीटर जागेत तिचे प्रमाण हायड्रोजनच्या तीन-चार अणूंच्या वस्तुमानाएवढे आहे. संपूर्ण पृथ्वी जेवढी जागा व्यापते, तेवढ्या जागेतील सारी कृष्ण ऊर्जा एकत्र केली तरी तिचे वजन सहा-सात मिलिग्रॅम भरेल. सराफाच्या भाषेत सांगायचे तर एका गुंजेचा विसावा हिस्सा! प्रयोगशाळेत ती हाती लागत नाही, याचे नवल वाटू नये.

मग ती सर्वांहून वरचढ कशी ठरते? येथे दुकानाच्या भाड्याचा दाखला उपयोगी पडेल. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने दुकानाची जागा आठपट केली, पण माल तेवढाच ठेवला. प्रत्येक चौरस फुटामागे माल आठव्या हिश्श्यावर येईल. भाड्याचे तसे नाही. दर चौरस फुटाला ठरलेला असेल तर जागा वाढेल तसे एकूण भाडे वाढत जाईल, आणि एके दिवशी ते मालाच्या किमतीला मागे टाकील. विश्वाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली की घनफळ आठपट होते आणि द्रव्य आठपट विरळ होते. कृष्ण ऊर्जा ही जर प्रत्यक्ष अवकाशाचाच गुण असेल, तर ती विरळ होत नाही. जेवढी नवी जागा, तेवढी नवी ऊर्जा. आरंभीच्या दाट विश्वात तिची गणना नगण्य होती. द्रव्याची ओढ विस्ताराला लगाम घालीत होती. सुमारे ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी पारडे फिरले आणि विस्ताराने वेग घेतला.

तीन तर्क आणि एक हरकत

या खात्याचा धनी कोण, याविषयी मुख्यतः तीन तर्क मांडले जातात.

पहिला तर्क आइन्स्टाइन यांच्या खोडलेल्या नोंदीचा. विश्वस्थिरांक खरा आहे आणि तो म्हणजे निर्वाताची, रिकाम्या अवकाशाची, स्वतःची ऊर्जा होय. पुंज भौतिकीप्रमाणे निर्वात कधी पूर्ण रिकामे नसते. तेथे सूक्ष्म चलबिचल सतत चालू असते. हा तर्क सुटसुटीत आहे आणि बहुतेक निरीक्षणांशी तो चांगला जुळतो. त्याची अडचण मात्र जबर आहे. निर्वाताच्या ऊर्जेचा ढोबळ सैद्धांतिक अंदाज आणि प्रत्यक्ष मोजलेले मूल्य यांत १ वर १२० शून्ये इतक्या पटींची तफावत पडते. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत दीर्घकाळ संशोधन केलेल्या थाणु पद्मनाभन यांनी या कोड्यावर सखोल काम केले. २००३ मधील त्यांच्या प्रसिद्ध आढाव्याच्या शीर्षकातच 'निर्वाताचे वजन' हा शब्दप्रयोग आहे.

दुसरा तर्क म्हणतो, की ही ऊर्जा स्थिर नाही. सारे अवकाश व्यापणारे आणि काळाप्रमाणे सावकाश बदलणारे ते एक क्षेत्र आहे. प्राचीन ग्रीकांच्या पाचव्या तत्त्वावरून त्याला 'क्विंटेसन्स' असे नाव दिले गेले. भाड्याचा दर कायम नसून तो करारागणिक बदलतो, असे म्हणण्यासारखे हे आहे.

तिसरा तर्क हिशेबाच्या रीतीवरच बोट ठेवतो. कदाचित कोणतीही नवी ऊर्जा नसेल. अतिविशाल अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच आइन्स्टाइन यांच्या नियमाहून निराळा असेल. येथे अडचण अशी, की सूर्यमालेत तो नियम अत्यंत काटेकोरपणे खरा उतरतो. दूरवर बदलणारा आणि जवळ न बदलणारा नियम घडविणे सोपे नाही.

या तिन्ही तर्कांपलीकडे एक हरकतही नोंदली गेली, आणि ती नोंदविणारे महाराष्ट्राचे सुपुत्र होते. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्यातील 'आयुका'चे संस्थापक-संचालक असलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी केंब्रिज येथे फ्रेड हॉयल यांच्याबरोबर काम केले. हॉयल हे स्थिर स्थिती सिद्धांताचे एक जनक. विश्वाला आरंभ नाही, अंतही नाही. विस्तार होत असताना नवे द्रव्य निर्माण होऊन घनता कायम राहते, असे १९४८ चा हा सिद्धांत सांगे. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंगी प्रारणाचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले. हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. १९९८ च्या निरीक्षणांवर या मताच्या शास्त्रज्ञांची शंका अशी होती, की दूरचे अतिनवतारे मंद दिसतात ते वाटेतील धातूच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या धुळीमुळे असू शकेल. दिवा दूर आहे की काच काजळली आहे, हा तो प्रश्न होता.

बहुसंख्य ज्योतिर्विदांनी ही शंका स्वीकारली नाही, कारण सूक्ष्मतरंगी प्रारण आणि दीर्घिकांची मांडणी यांच्या स्वतंत्र मोजण्याही कृष्ण ऊर्जेकडेच निर्देश करीत होत्या. तथापि या हरकतीचे मोल कमी होत नाही. मूळ स्थिर स्थिती सिद्धांतातील विश्वही वेग वाढवीत जाणारेच होते, हेही विसरता येत नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. नारळीकर यांचे निधन झाले. सारी पेढी एकमताने सही करण्यास निघाली असताना 'एकदा काच पुसून पाहा' असे म्हणणारा माणूस हिशेबाचा शत्रू नसतो.

दोन मापे, दोन उत्तरे

उचंत खाते बंद होण्याऐवजी अलीकडे त्याच्यात नव्या नोंदी पडत आहेत. आज विस्ताराचा दर किती, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. 'प्लँक' उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणावरून काढले तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर वेग येतो. रूपविकारी तारे आणि अतिनवतारे यांवरून काढले तर रीस यांच्या गटाला तो सुमारे ७३ किलोमीटर मिळतो. दोन्ही पक्षांनी आपापली मापे पुन्हा पुन्हा तपासली. तरीही हा फरक सुटलेला नाही.

दुसरी नोंद अमेरिकेतील ॲरिझोनाच्या किट पीक पर्वतावरून आली. तेथील चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर 'डेसी' नावाचे उपकरण आहे. प्रकाश वाहून नेणाऱ्या ५,००० काचतंतूंनी ते एकाच वेळी हजारो दीर्घिकांचा प्रकाश पृथक्करणासाठी घेते. विश्वाच्या बालपणी तप्त वायूत उठलेल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरलेला आहे. आज त्याची लांबी सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे आहे. अतिनवतारे हे ज्योतिर्विदांचे दिवे, तर हा त्यांचा गज होय. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सुमारे दीड कोटी दीर्घिकांच्या आणि क्वेसारांच्या मोजणीत असे सुचविले गेले, की अन्य निरीक्षणे जोडीला घेतल्यास कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळानुसार क्षीण होत असावी. जोडीला कोणती निरीक्षणे घेतली त्यानुसार या निष्कर्षाचे बळ २.८ ते ४.२ सिग्मा येते. शोध लागला असे म्हणण्यासाठी शास्त्रज्ञ ५ सिग्मा मागतात. म्हणून निकाल लिहिला गेला, पण शोधाची घोषणा झाली नाही. युरोपची 'युक्लिड' ही अवकाश दुर्बीण २०२३ पासून आणि चिलीतील रुबिन वेधशाळा २०२५ पासून याच प्रश्नावर आपापली वही भरीत आहेत.

ऊर्जा स्थिर ठरल्यास पुढे काय, याचेही गणित मांडले गेले आहे. सुमारे दहा हजार कोटी वर्षांच्या पल्ल्यावर आपल्या स्थानिक समूहाबाहेरच्या सर्व दीर्घिका दृष्टीआड झालेल्या असतील. त्या काळी कोणी ज्योतिर्विद असला, त्याची दुर्बीण उत्तम असली आणि त्याची निष्ठा निष्कलंक असली, तरी त्याला सभोवार एकच तारकापुंज आणि पलीकडे काळोख दिसेल. विश्व विस्तारत आहे, हे त्याला निरीक्षणाने कळणार नाही. त्याचा निष्कर्ष चुकेल. त्याच्या प्रामाणिकपणात मात्र काही उणे नसेल. दप्तरच नाहीसे झाले, तर तपासनीस काय करणार?

शास्त्रांची घाई नको

हा विषय जैन कुटुंबांत निघतो तेव्हा एक मोह हमखास होतो. पाठशाळेत लोकाकाश, अलोकाकाश आणि षड्‌द्रव्ये शिकून आलेला मुलगा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विस्तारणारे विश्व वाचतो आणि विचारतो, यांपैकी खरे कोणते? त्याला गप्प करण्यासाठी दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक, हे सारे आपल्या शास्त्रांत आधीच सांगितले आहे. धर्मास्तिकाय म्हणजेच कृष्ण ऊर्जा. दुसरे, विज्ञान रोज बदलते, त्यात काय अर्थ आहे! दोन्ही उत्तरांनी मुलगा गप्प बसतो. त्याचे समाधान मात्र होत नाही.

पहिले उत्तर शास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात धर्म आणि अधर्म या द्रव्यांचे कार्य गतीला आणि स्थितीला साहाय्य करणे असे सांगितले आहे. परंपरेचा दाखला मासा आणि पाणी यांचा आहे. पाणी माशाला पोहण्यास आधार देते, त्याला ढकलत नाही. धर्मद्रव्य उदासीन आहे, अचल आहे. कृष्ण ऊर्जेला मानले जाते तेच मुळी विस्ताराला वेग देते म्हणून. एक साहाय्यक आणि दुसरी प्रेरक. त्यांना एकाच खात्यावर चढविले तर दोन्ही खाती बिघडतात. तसेच विस्तारणारे विश्व अलोकाकाशात पसरत आहे, असेही म्हणता येत नाही. कारण विज्ञानाच्या मते हा विस्तार बाहेरच्या जागेत होत नाही, अंतरेच वाढतात. शिवाय उद्या 'डेसी'चा कल खरा ठरला आणि कृष्ण ऊर्जा क्षीण होणारी निघाली, तर आज जोडलेला संबंध उद्या तोडावा लागेल. शास्त्राला चालू सिद्धांताच्या तारणावर ठेवण्यात शास्त्राचा गौरव नाही.

दुसरे उत्तरही न्याय्य नाही. विज्ञान बदलते ते लहरीने नव्हे, मापाने. बाडे यांनी माप दुरुस्त केले म्हणून विश्वाचे वय बदलले. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखाचा, म्हणजे खोट्या लिखाणाचा, समावेश आहे; अचौर्याच्या अतिचारांत खोट्या तोलमापाचा. व्यापारी समाजाला ही दोन नावे प्रतिक्रमणाच्या निमित्ताने पाठ असतात. ज्या शोधपरंपरेने आपल्या ताळेबंदातील ६८ टक्के रक्कम 'माहीत नाही' या शीर्षकाखाली उघड लिहिली, तिने निदान या दोन अतिचारांपासून स्वतःला दूर ठेवण्याचा प्रयत्न केला, एवढे तरी मान्य करावे लागते.

मुलाच्या प्रश्नाला मग काय सांगावे? भगवतीसूत्रात स्कंदक परिव्राजकाचा प्रसंग आहे. लोक सान्त आहे की अनन्त, हा प्रश्न त्याला सतावीत होता. भगवान महावीरांनी त्याला एका शब्दात उत्तर दिले नाही. द्रव्याच्या दृष्टीने लोक सान्त, क्षेत्राच्या दृष्टीने सान्त, काळाच्या दृष्टीने अनन्त आणि भावाच्या दृष्टीने अनन्त, असे चार अंगांनी त्यांनी ते उलगडले. येथे विज्ञानाची भविष्यवाणी शोधू नये. पाहण्यासारखी आहे ती उत्तराची रीत: कोणत्या दृष्टीने विचारतोस, हे आधी ठरव, त्या दृष्टीपुरते उत्तर घे, तेच उत्तर दुसऱ्या दृष्टीवर लादू नकोस.

पाठशाळेतील लोकस्वरूप जीवाला त्याच्या भ्रमणाचे आणि मुक्तीचे भान देण्यासाठी आहे; वेधशाळेतील विश्व प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांच्या मोजमापाचे आहे. दोन्ही वह्या एका घरात नांदू शकतात. एकीची रक्कम दुसरीत ओढून मेळ दाखविण्याची आवश्यकता नाही. मुलाने पुन्हा विचारले, की कृष्ण ऊर्जा म्हणजे नक्की काय, तर वडिलांनी न संकोचता सांगावे: ती किती आहे हे मोजले गेले आहे, ती काय आहे हे अजून समजलेले नाही. ज्या घरात उचंत खाते झाकून ठेवले जात नाही, त्या घरातील मुलाला हे उत्तर अपुरे वाटणार नाही. पुढे कधी ते खाते मिटविण्याचे काम त्याच्याच हातून व्हायचे असेल, तर त्याचा आरंभही याच उत्तरापासून होईल.